वासाचं माप

मामंजींच्या स्टॉकच्या वहीत कॉड लिव्हर ऑईलची नोंद 'कॉ. लि. ऑ.' अशी आहे. मालवणच्या बाजारात त्यांनी औषधांचं दुकान टाकलं तेव्हा माल मुंबईहून बोटीने यायचा, आणि पावसाळ्यात बोटी बंद. म्हणून दर मे महिन्यात या तेलाचा साठा भरून ठेवलेला दिसतो. पाऊस लागला, पोरं खोकायला लागली, की गिऱ्हाईक तेल मागायला येणार हे ठरलेलं. मासे न खाणारी घरंसुद्धा ते न्यायची. 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढ्या परवान्यावर माशाचं तेल त्या घरांत शिरायचं, पण बाटली आणि चमचा स्वयंपाकघराबाहेर, पडवीतल्या कोनाड्यात.

१९४० सालच्या मे महिन्यात त्या रकान्यात नुसतं 'माल नाही' लिहिलंय. त्या वर्षी ९ एप्रिलला जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि औषधी कॉड तेलाचा सगळ्यात मोठा झरा आटला. मग काही काळाने त्याच वळणदार अक्षरात नवी नोंद सुरू होते: 'शा. लि. ऑ.' शार्क लिव्हर ऑईल. म्हणजे आमची मोरी. मुंबईकडे हिला मुशी म्हणतात. आमच्याकडे हिचं मटण होतं, भरपूर खोबरं भाजून घातलेलं, आणि तिच्या काळजाचं तेल औषधाच्या बाटलीत भरून दुकानात येईल असं मालवणात तोवर कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

मी या घरात आले ती फार्मसीची पदवी घेऊन, आणि गल्ल्यामागच्या खुर्चीत माझं आयुष्य गेलं. तिथे बसून एक प्रश्न मी सतत ऐकला आहे: केसांसाठी व्हिटॅमिन ए द्या ना. उत्तर 'नको' असं आहे. त्यातून केस वाढण्याऐवजी गळायची शक्यता जास्त. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि खरं कारण सांगायचं तर या तेलाच्या धंद्याचा इतिहासच सांगावा लागतो.

नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेनची बेटं आहेत. हिवाळा सरता सरता कॉड मासा तिथे अंडी घालायला येतो आणि शेकडो वर्षं तिथले कोळी त्यावर जगत आले. मासा वाळवायचा आणि काळीज पिंपात टाकायचं. पिंपातली काळजं आठवडे न् आठवडे कुजायची, तेल वर तरंगायचं, ते काढून घ्यायचं. पहिलं निघेल ते फिकं, मग तपकिरी, शेवटी काळपट. दिव्यात जाळायला आणि कातडं कमवायला हे तेल चालायचं, आणि किनाऱ्यावरची माणसं ते सांधेदुखीवर पीतही असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या इस्पितळात संधिवाताच्या रोग्यांना ते देत होते. १८४१ मध्ये एडिनबरोच्या जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टराने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. या तेलात आहे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. गुण येत होता एवढंच.

१८५३ च्या सुमारास पेटर मोलर नावाच्या नॉर्वेजियन औषधविक्याने, म्हणजे आमच्याच व्यवसायातल्या माणसाने, ताजी काळजं वाफेवर तापवून तेल काढायची रीत बसवली. कुजवणं बंद झालं, तेल फिकट पिवळं निघू लागलं, वास पुष्कळ कमी झाला. कमी झाला म्हणजे गेला नाही. पुढे अमेरिकेत स्कॉट आणि बाऊन या जोडीने तेल घुसळून त्याचं दुधासारखं इमल्शन केलं. पाठीवर माणसाएवढा मासा बांधलेल्या कोळ्याचं त्यांचं चित्र जगभर गेलं, आपल्याकडेही आलं. आमच्या दुकानात येणारी म्हातारी माणसं त्याचं नाव घेत नसत, 'माशेवाल्याचं औषध' म्हणत.

तेव्हाचा डोस बघा. एक चहाचा चमचा, फार तर दोन. पोराचं नाक धरायचं, चमचा जिभेच्या मागे रिता करायचा आणि वर गुळाचा खडा. तिसरा चमचा कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. आजच्या हिशेबाने कॉड तेलाच्या एका चमच्यात व्हिटॅमिन ए चार-साडेचार हजार युनिट असतं. बाधायला लागेल इतकं रोज घ्यायचं म्हटलं तर डझनभर चमचे प्यावे लागतील, आणि ते पिणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मामंजी मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचे. तिला कात्रीने बारीक खाचा पाडलेल्या असत, एक खाच म्हणजे एक डोस. कॉड तेलाच्या बाटलीवर त्यांनी तशी पट्टी कधी लावली नाही. तेलाचा वास पट्टीचंच काम करत होता, हे माझं मत.

वास जायला सुरुवात झाली ती शास्त्रामुळे. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला मॅककॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांनी दाखवलं की लोण्यात आणि अंड्याच्या बलकात असं काही आहे ज्याशिवाय उंदरांची वाढ खुंटते; त्यालाच पुढे व्हिटॅमिन ए म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात डेन्मार्कने आपलं लोणी परदेशी विकलं आणि स्वतःच्या गरिबांची पोरं मार्गारिनवर ठेवली; कोपनहेगनच्या कार्ल ब्लोक या डॉक्टरापुढे डोळे कोरडे पडून आंधळी होऊ घातलेली मुलं येऊ लागली आणि कॉड तेल व दुधाने ती बरी झाली. १९२८ मध्ये ग्रीन आणि मेलनबी यांनी या द्रव्याला रोगजंतूंविरुद्धचं जीवनसत्त्व म्हटलं. जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं होतं? डोळ्यांचं औषध एका रात्रीत सर्दी-खोकल्याचं, कांतीचं, वाढीचं, सगळ्याचं औषध झालं.

यात केस कुठून आले? काही अंशी आपल्याच बाजूने. १९३३ मध्ये सिलोनमधल्या ल्यूशस निकल्स यांनी कलकत्त्याच्या इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये एका त्वचारोगाचं वर्णन केलं: कोपर, मांड्या, ढुंगण इथली कातडी बेडकाच्या पाठीसारखी खरखरीत होते, कारण केस जिथून उगवतो ते प्रत्येक छिद्र कठीण बुचाने बंद होतं. आहारातल्या कमतरतेचा हा परिणाम आणि त्यात अ जीवनसत्त्वाचा हात असणार, असं त्यांनी मांडलं. दक्षिणेकडच्या गरीब शाळांतून अशी मुलं पुष्कळ सापडली. म्हणजे हे द्रव्य कमी पडलं तर केसाचं मूळ बिघडतं, हे खरंच. पण त्यावरून जास्त घेतलं तर केस सुधारतील, ही उडी दुकानदारांनी मारली, आणि गिऱ्हाइकांनी त्यांच्यामागून.

आता मोरीकडे येते. युद्धात कॉड तेल बंद झालं तेव्हा मुंबई आणि मद्रास सरकारांची मत्स्यखाती, त्रावणकोर संस्थान, सगळे शार्कच्या मागे लागले. किनाऱ्यावर मोरीचं काळीज नवं नव्हतं. काही जातींत ते अंगाच्या वजनाच्या चौथाईपर्यंत भरतं, पिवळट, हातातून निसटेल असं. पश्चिम किनाऱ्यावर त्याचं तेल होड्यांच्या लाकडाला चोपडत असत, म्हणजे खारं पाणी आणि कीड लाकडात शिरत नाही. आता तेच काळीज ताजं धुऊन, तुकडे करून, पाण्यात तापवलं जाऊ लागलं. वर आलेलं तेल काढायचं, पाण्याचा अंश घालवायचा, थंड करून गोठणारा भाग वेगळा करायचा, गाळायचं. आणि तपासणी झाली तेव्हा कळलं की हे तेल कॉडच्या कित्येक पट जोरदार आहे. इतकं, की बाटलीत भरण्यापूर्वी त्यात शेंगदाण्याचं शुद्ध तेल मिसळून ते पातळ करावं लागे.

पंचाईत अशी की प्रत्येक मोरीचं काळीज सारखं नसतं. जात वेगळी, वय वेगळं, तर जोरही वेगळा. मोठ्या, जुन्या माशात जास्त साठलेलं. म्हणून दर खेपेला तेल तपासणं आलं. त्याची रीत १९२६ सालची, कार आणि प्राईस यांची. मी मुंबईला शिकत होते तेव्हा प्रॅक्टिकलला ती करावी लागायची. तेलाचा थेंब क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा आणि त्यात अँटिमनी ट्रायक्लोराइड सोडायचं. क्षणात निळा रंग उठतो, मोरपिशी म्हणावा असा, आणि मोजायच्या आत फिका पडायला लागतो. निळा जितका गडद तितकं ए जास्त. एकीने ओतायचं आणि दुसरीने यंत्राला डोळा लावून बसायचं, नाहीतर आकडा हातचा जायचा. नळीला जरा पाणी लागलेलं असेल तर सगळंच दुधाळ. सरांनी तपासायला दिलेलं तेल शार्कचंच होतं, आणि वर्गात ते कशाचं आहे हे वासावरून ओळखणारी मी एकटी कोकणातली.

युद्ध संपलं आणि शार्कचे दिवस फार टिकले नाहीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तर काळजापायी एका जातीचे शार्क इतके मारले की मासेमारीच बसली. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीत ओटो इस्लर आणि सहकाऱ्यांनी व्हिटॅमिन ए कारखान्यात बनवून दाखवलं. मग माशाची गरजच उरली नाही. वनस्पती तुपात ते मिसळणं आपल्या सरकारने सक्तीचं केलं, ग्रॅमला पंचवीस युनिट. घराघरातल्या डालड्याच्या डब्यातून ते पोटात जाऊ लागलं आणि कुणाला पत्ताही नव्हता. ते ठीकच झालं, तेवढ्याने कुणाचं वाईट होत नाही. पण दुकानाच्या फळीवर काय झालं? शार्क आणि लोह यांची नावं एकत्र केलेलं शार्कोफेरॉल, मग जिलेटिनच्या पिवळ्या कॅप्सुली, मग साखरेचं कवच असलेल्या पन्नास हजार युनिटच्या गोळ्या. डझनभर चमच्यांचा ऐवज एका घोटात, आणि वास औषधालाही नाही.

जास्त झालं तर काय होतं हे खरं तर या धंद्याच्या आधीपासून लिहून ठेवलेलं होतं. १५९७ मध्ये विलेम बारेंट्सचे डच खलाशी नोव्हाया झेम्ल्याच्या बर्फात अडकले होते. त्यांनी पांढऱ्या अस्वलाचं काळीज शिजवून खाल्लं. सगळे आजारी पडले, तिघांची डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. हे त्यांच्यातल्याच हेरिट द व्हेर याने नोंदवलं. ध्रुवाकडचे एस्किमो अस्वल खातात पण काळीज टाकून देतात. त्याचं कारण १९४३ मध्ये रोडाल आणि मूर यांनी मोजलं: ग्रॅमला तेरा ते अठरा हजार युनिट. बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकड्यात आपलं महिनाभराचं ए.

केसांचं उदाहरण मात्र मी नेहमी अंटार्क्टिकाचं देते. १४ डिसेंबर १९१२ ला डग्लस मॉसनच्या तिघांच्या तुकडीतला बेलग्रेव्ह निनिस बर्फाच्या भेगेत पडला. त्याच्याबरोबर चांगली कुत्री आणि बहुतेक सगळं अन्नही गेलं. मॉसन आणि झेवियर मेर्ट्झ तळापासून पाचएकशे किलोमीटर दूर, सोबत सहा कुत्री. एकेक कुत्रं मारत आणि खात ते परत निघाले. मांस चिवट, काळीज मऊ. म्हणून काळीज आवडीने खाल्लं गेलं. काही आठवड्यांत दोघांची कातडी सुटायला लागली, केस जायला लागले. मेर्ट्झने मॉसनच्या कानाची कातडी साच्यासारखी अख्खी उचलून काढली. मॉसनने त्याच्याही कानाची तशीच काढली. कपडे उतरवले की आतून कातडी आणि केस झडत. मेर्ट्झ ८ जानेवारी १९१३ ला गेला, शेवटी शुद्ध हरपलेली. मॉसनच्या तळपायांची जाड कातडी सुटून आली; त्याने ती पुन्हा पायाला बांधली, वर मोजे चढवले आणि एकटा चालत राहिला. ८ फेब्रुवारीला तो तळावर पोचला, तर जहाज काही तासांपूर्वीच निघून गेलेलं.

हा व्हिटॅमिन ए च्या बाधेचा प्रकार असावा, असं क्लीलंड आणि साउथकॉट या ऑस्ट्रेलियनांनी १९६९ मध्ये मांडलं. उपासमार, थंडी, इतर जीवनसत्त्वांची तूट, हीही कारणं असतील असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. पण तोवर डॉक्टरांना असे रोगी घरबसल्या भेटू लागले होते. १९४४ मध्ये बाल्टिमोरच्या जोसेफ्स यांनी तीन वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. घरच्यांनी त्याला हॅलिबट माशाचं कडक तेल तान्हेपणापासून रोज भरमसाठ दिलं होतं. यकृत वाढलेलं, केस विरळ आणि राठ. त्या घरात बर्फ नव्हतं, भूक नव्हती. मुलाचं भलं व्हावं एवढीच इच्छा होती.

हे घडतं कसं, तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जास्त झाली की लघवीवाटे जातात, ए मात्र जात नाही. यकृत ते साठवतं, बँकेतल्या मुदतठेवीसारखं, आणि ठेव मावेनाशी झाली की रक्तात उतू जातं. केसाच्या मुळाला वाढीचा एक काळ असतो आणि विसाव्याचा एक. ए फार झालं की वाढणारी मुळं वेळेआधी विसाव्यात जातात, आणि विसाव्यातला केस दोन-तीन महिन्यांनी गळतो. या उशिरामुळेच घोळ होतो. गोळी श्रावणात सुरू केली आणि केस दिवाळीत गेले, तर गोळीवर संशय कुणाला येणार? उलट माणूस आणखी गोळ्या घेतो. मुरमांवर दिली जाणारी आयसोट्रेटिनोइन आणि सोरायसिसवरची अ‍ॅसिट्रेटिन ही याच घराण्यातली औषधं. केस गळणं हा त्यांचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, अ‍ॅसिट्रेटिनचा तर फारच. गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला यांतलं कॅरोटीन मात्र शरीर लागेल तेवढंच बदलून घेतं. खूप खाल्लं तर तळहात पिवळे होतील, केस जाणार नाहीत.

आमच्या गिऱ्हाइकांत वायरीकडची एक बाई होती. लेकीचं लग्न ठरलेलं आणि लेकीचे केस फणीला येत होते. पन्नास हजारची गोळी कुणीतरी सुचवली म्हणून मुलगी रोज घेत होती, दुसऱ्याच कुठल्या दुकानातून आणून. माझ्याकडे आली ती आणखी दोन पट्ट्या मागत. "काकी, ह्येच्यान केस गळूचे थांबतले मां?" मी नाही म्हटलं तशी आई पुढे झाली. तिचा मुद्दा बिनतोड होता: अंगणवाडीत सरकार एवढ्याशा पोराला चमच्याने दोन लाखाचा डोस पाजतं, मग माझ्या धडधाकट लेकीला पन्नास हजारांनी काय होणार?

मी बिलाच्या मागे हिशेब मांडला. सरकारची ही योजना १९७० पासूनची, पोरांचे डोळे वाचावेत म्हणून. दोन लाख युनिट, पण सहा महिन्यांतून एकदा. एकशे ऐंशी दिवसांनी भागा, रोजचे अकराशे होतात, आणि ज्या पोराच्या यकृतात काहीच शिल्लक नाही त्याला ते हवेच असतात. तुमच्या मुलीने सहा महिने गोळी घेतली तर नव्वद लाख. पंचेचाळीस पोरांचा डोस एकटीने. मोठ्या माणसाने रोज दहा हजारांच्या वर जाऊ नये असं आपली आयसीएमआर सांगते, आणि दिवस राहणार असतील तर या गोळीचं नावही काढायचं नाही, गर्भाला व्यंग येतं. लग्न तोंडावर आलेल्या मुलीला हे सांगणं भाग होतं. आई नव्वद लाखांच्या आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, म्हणजे आम्ही पैसे देऊन केस घालवले.

मुलीचे ओठ फुटलेले होते, भुवयाही विरळ झालेल्या. डोकं दुखतं म्हणून ती वर आणखी एक गोळी घेत होती. मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन आठच्या खाली निघालं. पहिल्यांदा केस गळायला लागले ते बहुधा त्यामुळेच, आणि त्यावर तिला लागत होतं ते लोह, जे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. लग्नाच्या फोटोत तिने गंगावन लावलंय. पुढच्या गणपतीला माहेरी आली तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर नवे केस उभे होते, बसता बसत नव्हते, आणि ते चापून बसवायला काही तेल आहे का म्हणून ती विचारत होती. मी तिला खोबरेलाची बाटली दिली.